दर्याची ओटी सांडली

माहीम, ता. पालघर
१८ जानेवारी २०२५

तुझ्या कंपनीच्या लोकांनी माझी बोंबील वाळवायची वलांडी हलवली. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, बोटांना दात टोचून घेऊन, मी एकटीने दोरीवर टांगलेले बोंबील त्यांनी बांबूसकट उचलले आणि स्मशानाच्या कडेला नेऊन ठेवले. का, तर वास येतो. मासेमाराच्या पोरीची मालिका काढायला माहीमला आले आणि मासळीचा वास येतो म्हणून नाक धरतात. मग माझ्या जागेवर त्यांनी दुसरे बांबू रोवले आणि रबराचे बोंबील लावले. शेपटीला चिमटे. चड्ड्या वाळत घालतात तसे. एक कावळा आला, चोच मारून बघितली आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी त्याला काय सांगू.

चिरंजीव हेमालीस आजीचा आशीर्वाद. हे पण लिहावं लागतं म्हणून लिहिलं.

पत्र का लिहिते ते ऐक. फोनवर तू 'सगळं ठीक आहे आजी' म्हणतेस आणि ठेवतेस, तुझी आई स्पीकर लावून बाजूला उभी. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, हात दुखतो, म्हणून माणूस कमी लिहितो. माझी शाळा दुसरीपर्यंत. चुका काढायच्या नाय.

तुमची हिरोईन आपल्या पडवीत बसली होती. गव्हाळ पोरगी, नाकाला रुमाल. दोन माणसं ब्रश आणि रंगाची डबी घेऊन तिला रंगवत होती, होडीला डांबर फासतात तशी. त्यातला एक उठून माझ्याकडे आला, माझा हात धरला आणि तिच्या हाताला लावून बघितला. म्हणतो, "आजी, इतकाच ना? की अजून एक हात मारू?" बोईसरच्या बाजारात चाळीस वर्षं सुकी मासळी घेऊन बसते. गिऱ्हाईक बोंबलाचा रंग बघतं. माझा कोणी बघितला नव्हता.

मग मला तू आठवलीस. तुला तर डबी लागत नाय. रंग घेऊनच आलीस, फुकटचा. मग हिरोईन ती आणि हिरोईनची मैत्रीण तू, हे उलटं कसं गो?

त्यांचा एक साहेब विचारत होता, हिला तुमची बोली बोलता येत नाय, काय करायचं. मी त्याला सांगायचं ते सांगितलं. ते सोड.

तू तारापूरची औषधाच्या गोळ्या पॅक करायची नोकरी सोडलीस तेव्हा मी तुझ्या बापाशी भांडले. दर्पण म्हणाला, "आपल्यासारख्या तोंडाचं माणूस टीव्हीवर बघितलंस कधी?" मी म्हटलं, म्हणून तर जाऊ दे. आता सगळ्या आळीला सांगून बसलेय. तुझं तोंड दिसलं पाहिजे. किती वेळ दिसणार आणि काय बोलणार ते लिही. फोन करू नको.

पुष्पलता (तुझी आजी, दुसरी कोण)


गोरेगाव
२७ जानेवारी

प्रिय आजी,

वलांडीबद्दल माफ कर. मी इथे सांगितलं, पण इथे माझं ऐकणारं कोणी नाही.

उद्यापासून माझं शूटिंग. समुद्र इथेच स्टुडिओत बांधलाय, वाळू ट्रकने आणली. माझे सहा सीन आहेत, मी हिरोईनची मैत्रीण, नाव चंपा. एका सीनमध्ये मी तिला ओरडते. तुझ्यासारखं ओरडायचं ठरवलंय.

उलटं कसं, हे विचारलंस. मला कळलं तेवढं सांगते. पैसा परदेशातल्या कंपनीचा आहे. तिकडे आता म्हणतात की पडद्यावर सगळ्या तऱ्हेची माणसं दिसली पाहिजेत, नुसती गोरी नकोत. म्हणून इथे ऑफिसच्या भिंतीवर आमचे फोटो लावलेत. माझ्या फोटोखाली लिहिलंय 'किनारा'. माझ्या खोलीत मणिपूरची एक मुलगी राहते, तिच्या फोटोखाली 'डोंगर'. तिला आजवर तीन वेळा चिनी नर्स केलं आणि दोन वेळा पार्लरवाली. हिरोईनच्या फोटोखाली फक्त तिचं नाव आहे. तिला लाखो लोक ओळखतात. ओळखीचा चेहरा नसेल तर बघणारा बोटाने पुढे सरकवतो, असं साहेब म्हणतात. माणसं वेगळी पाहिजेत आणि चेहरा तोच पाहिजे. मग डबी लागते.

तू मला थोडे शब्द लिहून पाठव. बायका मासळीवर भांडतात ते, होडी उशीर करते तेव्हा बोलतात ते. मी विसरत चाललेय. माझ्या कामाला येतील.

तुझी
हेमाली


माहीम
६ फेब्रुवारी

तू कागदावर 'आहे' आणि 'नाही' लिहायला लागलीस. मुंबईने तुझं हाय-नाय काढून घेतलं आणि आता माझ्याकडे शब्द मागतेस. सांडलेलं भरायला परत विहिरीवर आलीस, ठीक हाय.

घे. होडी उशीर करते तेव्हा आपल्या बायका काय बोलत नाय. गप्प बसून जाळं उसवतात आणि परत विणतात. हे तुझ्या साहेबाला सांग, त्याला वाटतं आमी छाती बडवत किनाऱ्यावर धावतो. भांडताना म्हणतात, "तुझ्या जिभेला खारवून ठेवीन." आळशी पोरीला म्हणतात, "भरतीला उठते आणि उजेडाला विचारते किती वाजले." नवरा दारू पिऊन आला की म्हणतात, "आला गळका डबा." हा तुझ्या आजोबांसाठी, दादूसाठी, मीच काढला होता. दादू ऐकून हसायचा, म्हणून पुढे वापरण्यात मजा राहिली नाय.

एक गोष्ट त्यांना द्यायची नाय. भरतीला आपल्या घरात 'दर्याने ओटी भरली' म्हणतात आणि ओहोटीला 'ओटी सांडली', ती. ते गावाचं नाय, आपल्या चुलीचं हाय. तू चार वर्षांची होतीस. तुझ्या काकीची नारळ-तांदूळ घालून ओटी भरताना बघितलीस आणि दुसऱ्या दिवशी पाणी मागे गेलेलं बघून रडत आलीस, "आजी, दर्याची ओटी सांडली." तुला ओहोटी म्हणता येत नव्हतं, एवढंच. दादूने ते उचललं. शेवटच्या आजारात पण विचारायचा, "ओटी भरली का गो?" ते घरात ठेव.

तुझ्या हिरोईनच्या गळ्यावर तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं त्या रंगाने. मोरीत बसून घासत होती. मी खोबरेल दिलं. म्हणाली, "आजी, क्रीमच्या जाहिरातीत मला याच्या उलट गोरं करतात. माझा स्वतःचा रंग कुठल्याच कामात लागत नाही." मी म्हटलं, मग ठेवून दे जपून, म्हातारपणी लागेल. हसली. वाईट नाय पोरगी. मासळी खात नाय, एवढंच.

शूटिंग झालं का? ओरडलीस का?

आजी


गोरेगाव
२ एप्रिल

प्रिय आजी,

उशीर झाला, रागावू नकोस. काम वाढलंय. सकाळी नऊला आत जाते ते संध्याकाळीच बाहेर येते. थंड खोली आहे, खिडकी नाही, फोन दारावरच काढून घेतात.

तुझे शब्द फार उपयोगी पडले. अजून पाठव. रडतानाचे पाठव, आणि नवऱ्याशी प्रेमाने बोलतानाचे. खूप लागतात आता. घसा बसला होता, आता बरा आहे.

मालिका पावसाळ्यानंतर येईल. आळीला इतक्यात काही सांगू नकोस.

हेमाली


माहीम
९ नोव्हेंबर

माझ्या मागे उभी राहून हाक मारलीस आणि वळून बघते तर तू नाय.

बोईसरला बसले होते, स्टेशनच्या बाहेर, नेहमीच्या जागेवर. कारखान्याच्या बसमधून पहिल्या पाळीची माणसं उतरत होती. एका बाईला जवळा मापून देत होते आणि पाठीमागून तू बोललीस, "आजी, दर्याची ओटी सांडली." हातातलं माप तसंच राहिलं. मला वाटलं, आली पोरगी, सांगितलं पण नाय. वळले. रिक्षावाला इंद्रजीत मोबाईल घेऊन बसलेला, आवाज मोठा केलेला. मी म्हटलं, दाखव. त्याने दाखवलं. तुमची हिरोईन, माझ्या हाताच्या रंगाची. तिचं तोंड हलत होतं आणि तू बोलत होतीस.

इंद्रजीत म्हणतो, "अम्मा, ये हिरोइन तो बिलकुल तुम्हारे जैसा बोलती है." मी म्हटलं, बोलेगी नाय तो क्या करेगी. जवळा विकत घेणारी बाई कंटाळून निघून गेली.

घरी आल्यावर तुझ्या आईला मोबाईल लावायला सांगितलं. सगळे आठ भाग बसून बघितले. चंपा हाय. ती कोणतरी दुसरीच हाय, पातळ ओठांची. तू कुठे नाय. आळीतल्या बायका म्हणतात, "हेमालीचा काय पत्ता? कापली वाटतं. पण हिरोईन किती छान बोलते गो, आपल्यातलीच वाटते." शेजारची लाडकी तर रडली ऐकून. मी काय बोलले नाय. बोलले असते तर रडणं थांबलं असतं तिचं.

पेपरात छापून आलंय की हिरोईन सहा महिने माहीमला राहून बोली शिकली. तीन दिवस होती आणि तेवढे पण नाकाला रुमाल. अजून एक छापलंय. 'मच्छीमार समाजात भरतीला ओटी भरली म्हणण्याची जुनी प्रथा आहे.' तुझी चार वर्षांची जीभ अडखळली ती आता आमची जुनी प्रथा झाली. काल जेटीवर दोन पोरी एकमेकींना म्हणत होत्या, "चल, ओटी सांडली." त्यांच्या आज्यांनी पण कधी ऐकलं नसेल.

मी ते घरात ठेव म्हटलं होतं.

आता खरं लिही. हात दुखला तरी चालेल.

आजी


गोरेगाव
१६ नोव्हेंबर

आजी,

शूटिंग एकच दिवस झालं. मला तिच्या शेजारी उभं केलं. कॅमेऱ्यातून बघून साहेबांनी शूटिंग थांबवलं. माझ्याशेजारी ती उभी राहिली की तिचा रंग फासलेला दिसायचा. नुसती डबी दिसायची. आधी त्यांनी मला एक हात उजळ केलं. मग मी पण रंगवलेली दिसायला लागले. दुपारी कोणीतरी म्हणालं, "हिला हलवा." वलांडी हलवली तसं. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी आणली आणि दोघींना एकाच डबीतून रंग लावला. मग जुळलं.

मी बॅग भरली होती. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. हिरोईनचं बोलणं ऐकवत नव्हतं, सगळे हसत होते. म्हणाले, तुझा आवाज दे. दोन महिने त्या थंड खोलीत तिचे ओठ बघत मी बोलत होते. बाहेर कोणाला सांगू नको, असं तोंडी सांगितलं होतं, कागद नव्हता. तुला काय लिहिणार होते? तू आळीला सांगून बसली होतीस.

'ओटी सांडली' मी मुद्दाम नाही दिलं. लिहिलेलं होतं, 'ओहोटी लागली'. शेवटचा दिवस, सोळावा की सतरावा टेक, मी थकले होते आणि तोंडातून घरातलं निघालं. काचेपलीकडून साहेबांनी विचारलं, "तुमच्यात असंच म्हणतात ना?" मी हो म्हटलं. दुरुस्त करता आलं असतं, केलं नाही. इतके तास बोलले, त्यात एक तरी जागा माझी राहू दे, एवढंच डोक्यात आलं.

आता दुसरा भाग निघतोय. या वेळी कागद आहे. तीन वर्षं तिचा आवाज मीच, माझा चेहरा कुठल्याच कंपनीच्या कामात दिसता कामा नये, आणि आवाज माझा आहे हे कुठेच बोलायचं नाही. पैसे बरे आहेत, पॅकिंगच्या तिप्पट. तीस तारखेपर्यंत सही करायची. रामकिसन सुपरवायझरने बाबांना सांगितलंय, एक डिसेंबरला आली तर जुनी जागा देतो.

हिरोईन एकदा खोलीत आली होती. काचेपलीकडे बसून ऐकलं. जाताना म्हणाली, "तू बोलतेस तेव्हा मी चांगली नटी वाटते." तिला वाईट वाटत होतं, पण गाडी खाली उभी होती.

काय करू ते सांग. आणि तोपर्यंत गावात काही बोलू नकोस. तुझी जीभ मला माहीत आहे.

हेमाली


माहीम
२४ नोव्हेंबर

आधी माझं ऐक, मग तुझं सांगते.

त्या साहेबाने जानेवारीत मला विचारलं, हिला बोली कोण शिकवेल, तेव्हा मी म्हटलं, "हिला जन्मात यायची नाय. माझी नात तुमच्याकडेच हाय, तिच्याकडून बोलून घ्या." मला वाटलं, तुझा आवाज ऐकला की तुलाच उभी करतील. माझी अक्कल तेवढीच. त्यांनी कोळंबी सोलली. सोडे ठेवले, साल टाकलं. सोलायला मीच दिली होती. हे पहिल्या पत्रात 'ते सोड' म्हणून सोडलं होतं. आता लिहिलं. कागदावर खोटं कमी लिहितात असं मी म्हणाले होते, पण गाळता येतं, ते सांगायचं राहिलं होतं.

परवा कंपनीची माणसं आली होती, बातमीवाले घेऊन. पडवीत माईक लावला. म्हणाले, "आजी, हिरोईनला बोली तुम्ही शिकवलीत, दोन शब्द सांगा." तुझं पत्र कमरेला खोचलेलं होतं. मी म्हटलं, घसा बसलाय. तुझी आई माझ्याकडे बघतच राहिली. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा जीभ गिळली, आणि ती काय खाली उतरत नाय. अजून इथेच हाय.

आता तुझं. पॅकिंगला परत यायची लाज बाळगू नको. गोळ्यांच्या डबीवर पण तुझं नाव नसायचं, पण डबीवर दुसरीचं पण नसायचं. तिथे तोंडाला फडकं सगळ्यांनाच बांधतात. इथे तुझ्या एकटीच्याच तोंडाला बांधतात, एवढा फरक. पैशाला मी नाव ठेवत नाय, मी बाजारात बसणारी बाई. पण माल माझा आणि टोपलीवर बसणार दुसरी, असं मी चाळीस वर्षांत केलं नाय.

साहेबाला विचारून उपयोग नाय. तो नाय म्हणणार आणि मग पुढच्या वर्षी 'किनारा' म्हणून दुसरी आणणार. ऐकतात ते त्या पोरीचं. तिच्या फोटोखाली तिचं नाव हाय, तूच लिहिलं होतंस. तर हे पत्र तिला नेऊन दे. पुढचं तिच्यासाठी हाय.

पोरी, तुला मी खोबरेल दिलं होतं, ती आजी. तुझा रंग कोणाच्या कामाला लागत नाय म्हणून तू माझ्या मोरीत बसून बोललीस. माझ्या नातीचं तोंड कोणाच्या कामाला लागत नाय. तुझं तोंड आणि तिचा गळा मिळून एक बाई झाली आणि तिला सगळे चांगली म्हणतात. भागाच्या शेवटी नावं सरकतात, ड्रायव्हरचं असतं, जेवण आणणाऱ्याचं असतं. तिथे 'आवाज हेमालीचा' एवढं लिहायला सांगशील का? तू सांगितलंस तर लिहितील. तुझं काय कमी होणार नाय. झालंच तर थोडं होईल, तेवढं तुझ्यात हाय.

हेमाली, ती हो म्हणाली आणि कागदात तसं लिहून आलं तर सही कर. नाय म्हणाली तर सही नको, एक तारखेला रामकिसनकडे हजर हो. सही नसली की तोंडाला बांध नाय. तू नाय बोललीस तर मी बोलेन, बोईसरला, टोपलीवर बसून. मला माईक लागत नाय.

आणि या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाय. तिनेच लिहायचं, तीस तारखेच्या आत, तिच्या हाताने. हाय-नाय जमत नसेल तर तिच्या बोलीत लिहू दे, मी कोणाकडून तरी वाचून घेईन. पण तू बोललीस आणि तिने उतरवलं, असं करू नका. मी एका ओळीत ओळखते.

पुष्पलता